निशिगंध रविवार ते रविवार : घरातली फुलं टिकवण्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

मार्चमध्ये आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिचा सगळा दिवस खिडकीजवळच्या पलंगावर जातो. निशिगंध तिचा पहिल्यापासून लाडका. दिवेलागणीला वास दाटायला लागला की तिच्या चेहऱ्यावरचा शीण उतरतो, हे मी रोज बघते. अडचण अशी की फुलं दोन दिवसांत माना टाकतात आणि मला पुण्याच्या मार्केट यार्डात जायला फक्त रविवार मिळतो. म्हणजे एका रविवारी आणलेली फुलं पुढच्या रविवारपर्यंत टिकायला हवीत. ते साधेपर्यंत इथे नोंदी ठेवणार आहे. जे फसेल तेही लिहीन, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तेवढे पैसे वाचतील.

आज रामनवमी, त्यामुळे गुलटेकडीच्या फूलबाजारात भाव चढे होते. बाजारात निशिगंधाला गुलछडी म्हणतात. सुटी फुलं किलोवर मिळतात, दांड्यासकट हवी असतील तर ‘गुलछडी काडी’ मागायची. दोन गड्ड्यांचे १८० रुपये दिले. पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून घरी पोचायला साडेदहा वाजले. पितळी फुलदाणीत नळाचं पाणी भरलं आणि दांडे ठेवले. आजवर असंच करत आले आहे.

८ एप्रिल, मंगळवार

गेली. खालची फुलं तपकिरी आणि मऊ, वरच्या कळ्या हिरव्या टोकासकट घट्ट मिटलेल्या. एक दांडा उपसून उजेडात धरला. शेवटची चार बोटं लांबी पिवळट तपकिरी झाली होती आणि बोट फिरवलं तर भेंडीच्या तारेसारखं काहीतरी लोंबत आलं. पाण्याला तुंबलेल्या मोरीचा वास.

दांडा म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. ही बुळबुळ त्या नळ्यांच्या तोंडाशी बसली की पाणी वर चढत नाही. फुलदाणी गळ्यापर्यंत भरलेली आणि फूल मात्र तहानलेलं, अशी गत.

९ एप्रिल, बुधवार

फुलदाणी घासायला घेतली. बाहेरून चिंच लावून मी ती नेहमी लखलखीत ठेवते, आत मात्र हात जात नाही. बाटली धुवायचा ब्रश घातला तर तळाशी आणि गळ्याच्या आतून काळपट साय सुटून आली. किती महिन्यांची असेल सांगता येत नाही. मी ती दर वेळी नुसती विसळत होते. म्हणजे ताजी फुलं मी दर वेळी जुन्या घाणीतच ठेवत होते. साबण, कढत पाणी, ब्रश असं तीन वेळा केलं तेव्हा ब्रश स्वच्छ बाहेर आला. अर्धा तास गेला.

१३ एप्रिल, रविवार

या वेळी पावणेसहालाच निघाले. स्कूटरच्या पायाशी लहान बादली ठेवली, तिच्यात वीतभर पाणी. हा बदल करून बघाच. एप्रिलच्या उन्हात कोरड्या पिशवीतून अर्धा तास आणलेली काडी घरी पोचेपर्यंतच दमलेली असते.

गाळ्यावरच्या मावशींना विचारलं, सात दिवस टिकवायचीत, कुठली घेऊ? त्या म्हणाल्या, “ताई, खालची दोन-तीन उमललेली बघून घ्या. सगळी मुकी घेतलीत तर वरची उघडायचीच नाहीत.” मी आजवर मुद्दाम सगळ्या कळ्या मिटलेल्या गड्ड्या शोधत होते, जास्त दिवस जातील म्हणून.

घरी आल्यावर दांडे कापले. आधी कात्रीने एक कापून पाहिला तर टोक चेपलं. मग ३० रुपयांचा कागद कापायचा कटर आणला. परातीत पाणी घेऊन दांड्याचं टोक पाण्याखाली धरलं आणि दोन बोटं वर तिरका काप दिला. काप बसला त्या क्षणी टोकातून मोहरीएवढा बुडबुडा सुटून वर आला. हीच हवा नळीत अडकून बसते. पाण्याखाली कापलं की हवेच्या जागी पाणी शिरतं. तिरका काप अशासाठी की टोक तळाला सपाट टेकून बंद होऊ नये. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढली, कारण सडायला तीच पहिली सुरुवात करतात.

पाण्यात अर्धं लिंबू पिळलं, एक चमचा साखर घातली आणि पितळी फुलदाणी भरली.

१५ एप्रिल, मंगळवार

पाणी हिरवट दिसतंय! लिंबाने पितळेतलं तांबं उतरवलं. चिंचेने पितळ का उजळतं ते लहानपणापासून ठाऊक असूनही हे डोक्यात आलं नाही. पाणी ओतून दिलं. (गुरुवारची भर) फुलं आजपर्यंत टिकली, म्हणजे चार दिवस. आधीच्या दुप्पट, पण रविवार अजून लांब आहे.

पितळी फुलदाणी आता कपाटावर. तिच्या जागी लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली. आत हात जातो आणि पाणी गढूळ झालं की बाहेरून दिसतं. पहिल्यांदा आईला ती आवडली नाही. मग तीच म्हणाली, “दांडे पाण्यात कसे दिसतात गं, राहू दे.”

२० एप्रिल, रविवार

पाण्यात काय घालायचं याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. शेजारच्या काकू ॲस्पिरिन म्हणतात, मामी साखर म्हणते. म्हणून आज डच गुलाबांची एक गड्डी आणली. गड्डीत २० नग येतात, १४० रुपये पडले. मावळातल्या पॉलिहाऊसमधला माल होता. सरबताच्या चार बाटल्या उकळत्या पाण्याने धुतल्या आणि प्रत्येकीत पाच गुलाब ठेवले.

पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत पाणी आणि साखर. तिसरीत ॲस्पिरिनची गोळी कुटून. चौथीत एक लिटरला एक मोठा चमचा साखर, चिमूटभर सायट्रिक ॲसिड (ढोकळ्यात घालतो तेच) आणि सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) १ मिली. हायपोक्लोराइट औषधाच्या दुकानातून ४ टक्क्यांचं आणलं, अर्धा लिटर ७० रुपये. मोजायला आईच्या औषधांतली बिनसुईची सिरिंज. लिंबाऐवजी सायट्रिक ॲसिड घेतलं, कारण लिंबाच्या गराने पाणी गढुळतं आणि ते खराब झालंय की नुसता गर आहे ते कळत नाही.

सावधगिरीचं आत्ताच लिहून ठेवते. हायपोक्लोराइट आणि ॲसिड कधीही एकमेकांत थेट ओतायचं नाही, त्यातून घातक वायू निघतो. आधी पूर्ण लिटरभर पाण्यात साखर आणि ॲसिड विरघळवायचं, शेवटी त्यात तो १ मिली, आणि खिडकी उघडी. संडास धुवायचं ॲसिड याच्या आसपासही नको.

२३ एप्रिल, बुधवार

साखरेची बाटली सगळ्यात आधी बिघडली. दुसऱ्याच दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं आणि आज दोन गुलाब मान खाली घालून आहेत. साखर फुलालाही लागते आणि पाण्यातल्या जंतूंनाही. जंतूंना आवर घालणारं काही नसेल तर ते आधी जेवतात. मामीला फोन करून सांगितलं.

ॲस्पिरिन आणि नुसतं पाणी यांत मला काही फरक दिसत नाही. चौथ्या बाटलीतलं पाणी आरशासारखं आणि पाचही गुलाब उमलायला लागलेत.

२४ एप्रिल, गुरुवार

आज उतावळेपणा नडला. एवढं चांगलं चाललंय तर औषध थोडं वाढवू म्हणून चौथ्या बाटलीचं पाणी बदलताना १ मिलीऐवजी १० मिली घातलं. संध्याकाळी दांड्यांची टोकं खडूसारखी पांढरी पडली आणि पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. टोकं तीन बोटं वर कापून नव्या पाण्यात ठेवली. तीन गुलाब वाचले, दोन गेले. यापुढे लिटरला १ मिली, त्याच्या वर नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नुसत्या पाण्यातला शेवटचा गुलाब आज काढला. चौथ्या बाटलीतले तीन अजून उभे आहेत, पाकळ्या पूर्ण उघडल्यात. सातवा दिवस! आईने एक उशीजवळ मागून घेतला.

पाण्याचंही एक लक्षात आलं. आमच्या इमारतीत वापरायला बोअरचं पाणी येतं, नळांवर पांढरे खार धरतात. असं जड पाणी फुलं नीट ओढत नाहीत. महापालिकेचं प्यायचं पाणी येतं तेच आता भरून ठेवते. पाणी किंचित आंबट असलं की दांड्यात सहज चढतं, ॲसिड घालण्याचं कारण तेच.

२७ एप्रिल, रविवार

निशिगंध नीट मिळाला नाही म्हणून जर्बेरा आणला, दहा काड्या ५० रुपये. गुलाबासारखाच बरणीत गळ्याशी पाणी भरून ठेवला. (नंतरची भर) चूक. जर्बेराचा दांडा लवदार आणि आतून पोकळ असतो, जेवढा पाण्यात बुडतो तेवढा सडतो. मंगळवारी चार माना वाकल्या. उरलेल्यांच्या बुडाचा जाड, टणक भाग कापून टाकला (त्यातून पाणी चढत नाही) आणि फक्त तीन बोटं पाण्यात उभे केले. ते शनिवारपर्यंत टिकले. एवढंसं पाणी या उन्हात लवकर आटतं, रोज सकाळी बघावं लागतं.

४ मे, रविवार

बुधवारी अक्षय्य तृतीया झाली. देवगडहून दोन पेट्या आल्या. गारवा म्हणून आईच्याच खोलीत पलंगाखाली गवतात अढी घातली आहे. खोलीत आंब्याचा घमघमाट.

आज कार्नेशन आणले, गुलाबी, २० काड्यांचे २०० रुपये. आतापर्यंतची सगळ्यात महाग खरेदी. कार्नेशन दोन आठवडेही टिकतात असं गाळ्यावर सांगितलं. बरणी धुतलेली, पाणी मोजून केलेलं, दांडे पाण्याखाली कापलेले.

६ मे, मंगळवार

सगळे मिटले. सुकून गळले नाहीत, पाकळ्या आत ओढून घेऊन झोपल्यासारखे मिटले. पाणी स्वच्छ, दांडे हिरवे कडक, बुळबुळ नाही. अर्धा तास मी बरणीच्या आजूबाजूला शोधत होते की चुकलं कुठे.

चुकलं होतं पलंगाखाली. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, त्यानेच अढीतला एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात. फुलांना तोच वायू म्हातारपण आणतो, आणि कार्नेशनला तर तो जराही सोसत नाही. दोनशे रुपये दोन दिवसांत गेले. पिकलेली केळी, सफरचंद, चिकू, पपई यांच्या शेजारी फुलदाणी नको हे आता कायमचं. फळांची टोपली आणि फुलं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडायची आपल्याकडे पद्धत आहे, छान दिसतं म्हणून. मीही मांडत होते. फळं भरलेल्या फ्रिजमध्ये फुलं ठेवण्यातही हाच धोका आहे.

अढी आता स्वयंपाकघराच्या बाल्कनीत.

८ मे, गुरुवार

वाढदिवसाला कुणीतरी दिलेले गुलाब शेजारच्या काकूंनी आणून दाखवले, पाचही माना वाकलेल्या. पाकळ्या ताज्या होत्या, म्हणजे फूल म्हातारं झालेलं नव्हतं, फक्त पाणी अडलं होतं. दांडे पाण्याखाली दोन इंच कापले. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून माना सरळ धरल्या आणि हाताला कोमट लागेल अशा पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून न्हाणीघरात अंधारात ठेवले. दोन तासांनी कागद सोडला तर चार ताठ. पाचवा आडवा करून सबंध पाण्यात बुडवला, तो संध्याकाळी उठला. काकू चार वेळा येऊन बघून गेल्या.

यापुढे बाजारातून आणलेलं सगळं आधी तीन-चार तास न्हाणीघरात बादलीत ठेवणार, मगच बरणीत लावणार.

११ मे, रविवार

आज शिकलेलं सगळं निशिगंधावर. बरणी गरम पाण्याने धुतली, महापालिकेचं पाणी, मोजून औषध. बारा काड्या, ९० रुपये, प्रत्येकीची खालची दोन-तीन उमललेली. टोकाच्या अगदी बारीक, हिरव्या चार-पाच कळ्या खुडल्या. त्या बहुधा उमलत नाहीत, उगाच वाटेकरी होतात.

जागाही बदलली. बरणी इतके दिवस खिडकीच्या कट्ट्यावर होती, दुपारी तीनला तिथे ऊन येतं आणि वर पंखा. पंख्याचा वारा दिवसभर फुलातून पाणी शोषतो. पण आईला पंखा हवाच. मग बरणी पंख्याच्या झोताबाहेर, कपाटाच्या आडोशाला, आईच्या उशाकडच्या तिवईवर आणली. वास तिथूनही पोचतो. रात्री तर जास्तच पोचतो, निशिगंध रात्रीच खुलतो.

१४ मे, बुधवार

छोटी नोंद गजऱ्याची, कारण भाची विचारत होती. मोगऱ्याचा गजरा ओल्या पिशवीत ठेवला की सकाळी तपकिरी. स्वच्छ रुमाल ओला करून घट्ट पिळायचा, त्यात गजरा सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. केळीचं पान मिळालं तर रुमालाऐवजी तेच. फुलांवर पाण्याचे थेंब उभे राहता कामा नयेत.

निशिगंधाचं पाणी दर दोन दिवसांनी बदलते आहे. दर वेळी टोक अर्धा इंच नव्याने कापते. खालची सुकलेली फुलं रोज सकाळी चिमटीने काढते. दहा मिनिटांचं काम आहे.

१८ मे, रविवार

बाराच्या बारा उभ्या आहेत. वरून तिसरी-चौथी कळी आज उमलली, अशी वरची कळी आमच्या घरात उमललेली मी पहिल्यांदा पाहिली. खालची निम्मी फुलं काढून टाकली आहेत त्यामुळे काड्या उंच, सडसडीत दिसतात. वास पहिल्या दिवसाइतका नाही, पण आहे. रविवार ते रविवार झालं.

खर्चाचा हिशेब : फुलं वेगळी धरली तर कटर ३०, हायपोक्लोराइट ७०, सायट्रिक ॲसिड २०. बाटल्या-बरणी घरच्या. हायपोक्लोराइट उन्हात आणि उघडं ठेवलं की उतरतं, बाटली घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

२१ मे, बुधवार

वळवाचा पाऊस लागलाय, हवा दमट. या आठवड्यात निशिगंधासोबत गुलाबही आणले होते. त्यांच्या बाहेरच्या पाकळ्यांवर करडे ठिपके आले आणि हात लावताच पाकळी ओघळली. बुरशी. ताजेपणासाठी मीच सकाळी फुलांवर पाणी शिंपडत होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते खपून गेलं, आता नाही. ठिपकेवाल्या पाकळ्या काढल्या, शिंपडणं बंद, दोन दांड्यांमध्ये बोट जाईल एवढी मोकळीक ठेवली. निशिगंधाला अजून काही झालेलं नाही.

२५ मे, रविवार

सकाळी बाजारातून आले तर आई वॉकर घेऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत आली होती. म्हणाली, “बादली इथेच ठेव. आज मी कापते.” खुर्ची आणून दिली, मांडीवर परात, परातीत पाणी. पहिले दोन काप आखूड झाले, तिसरा बरोबर तिरका बसला. दहा काड्यांना तिला पाऊण तास लागला. औषधाचा १ मिली मी मोजून दिला, साखर तिने तिच्या अंदाजाने घातली. एक मोठा चमचाच होता, मी पाहिलं. पाणी बदलायचे वार तिने कॅलेंडरवर लिहून घेतलेत : मंगळ, गुरू, शनी.